वाकळेचं पोट

“ही शिवण तुझी न्हाई,” आई म्हणाली.

मी अजून दप्तरसुद्धा काढलं नव्हतं. सायकलच्या कॅरियरला बांधून आणलेली वाकळ, जुन्या कपड्यांची अर्धवट गोधडी, नुसती खाटेवर टाकली होती आणि तिची एक कड तेवढी खाली लोंबत होती. आई नुकतीच कारखान्यातून आलेली, केसांत कापसाची भुरी, हातात चहाची बशी. तिनं बशी खाली ठेवली आणि कड डोळ्यांजवळ नेली.

“माझीच आहे,” मी म्हटलं.

“तुझा टाका बेडकागत उड्या मारतो. ह्यो बघ, मुंग्यांची रांग हाय. आणि कललाय डावीकडं.” तिनं कड हातातून सोडून दिली. “डाव्या हाताचा टाका हाय ह्यो.”

आमच्या अख्ख्या नात्यात डाव्या हातानं शिवणारी एकच बाई होती, मालन मावशी. आईची सख्खी थोरली बहीण, आईची आक्का. इचलकरंजीतच, माझ्या शाळेच्या वाटेवर राहायची. आणि त्या दोघी बरेच महिने एकमेकींशी बोलत नव्हत्या.

भांडण कशावरून, तर एका वाक्यावरून. मावशीच्या उमेशदादाला बघायला मुलीकडची मंडळी आली होती. आई पोहे वाढत होती, आणि वाढताना आईला गप्प बसवत नाही. पाहुण्यांतलं कुणीतरी म्हणालं, मुलगा फार शांत दिसतो. झालं! आई म्हणाली, “दिवसा शांत! रात्री झोपेत उठून चालतोय की. एकदा तर कडी काढून पार चौकात जाऊन हुभारला हुता.” आई हसली. पाहुणे हसले नाहीत. पोहे बशीत तसेच राहिले आणि जमत आलेलं लग्न मोडलं. त्या संध्याकाळी मावशी म्हणाली, “बेबे, मी बोलवल्याबिगर माझा उंबरा चढायचा न्हाईस.” आईचं नाव विजया, पण माहेरी ती बेबी. बेबी तरी कमी कशाला पडेल? “तू बोलवलंस तरी इचार करीन,” म्हणाली आणि चप्पल पायात घालून निघाली.

मला जायला मात्र बंदी नव्हती. “तुझी मावशी हाय, तू जा. पण माझं नाव तितं काढायचं न्हाई आणि तिचं हितं काढायचं न्हाई,” हा आईचा नियम. मावशीचाही अगदी हाच नियम, शब्दाला शब्द. बहिणीच ना!

मी तेव्हा सातवीत होते. आता दहावीत आहे, आणि आता मला कुठलीही वाकळ द्या, ती किती हातांनी शिवली ते मी चाचपून सांगते. खरंच सांगते, पैज लावा. गेल्या दिवाळीत मी बाबांच्या जुन्या लुंग्यांची चौकड्या-चौकड्यांची वाकळ पुरी केली, ती बाबा आता कुणाला हात लावू देत नाहीत. गणिताच्या मगदूम मॅडमना बाळ झालं तेव्हा इतकं मऊ दुपटं दिलं, की मॅडमनी वर्गासमोर ते गालाला लावलं. सध्या वर्गातल्या मुलींच्या आखूड झालेल्या युनिफॉर्मचे तुकडे गोळा करतेय, निरोप समारंभाच्या आत निळी-पांढरी वाकळ झालीच पाहिजे. गल्लीतल्या बायका मला ‘वाकळवाली’ म्हणून चिडवतात. चिडवू देत. फक्त माझ्या दोन सवयींना सगळे हसतात. एक म्हणजे मी वाकळेचं पोट मधोमध ठेवत नाही. आणि दुसरी, वाकळ देताना पोट कुठं ठेवलंय ते तोंडानं सांगते.

पोट म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमच्यात वाकळ उपाशी ठेवत नाहीत. कडांकडून शिवत शिवत मधे यायचं, शेवटची वीतभर जागा उरली की आत शाळूचे, म्हणजे ज्वारीचे, दाणे ठेवायचे आणि मग ती जागा शिवून टाकायची. पोटात दाणा असला की वाकळ ऊब धरते म्हणतात. बिनदाण्याची वाकळ फक्त एकदाच करतात, माणूस गेल्यावर त्याच्या नावानं दान द्यायला. त्याची भूक संपली, म्हणून ती वाकळही उपाशी.

सातवीत मला यातलं काहीसुद्धा येत नव्हतं. शाळेत कार्यानुभवाला घरातली एखादी जुनी कला करून आणायची होती. आईला दोन-दोन पाळ्या, म्हणून मी मावशीकडं गेले, आणि तिनं मला दाखवता दाखवता एक कड आपणच शिवून टाकली. तीच ही कड, जी आईनं ओळखली.

त्या संध्याकाळी आईनं वाकळ खाटेवर नीट पसरली. स्वयंपाक उरकला, भांडी पालथी घातली, आणि पदर खोचून वाकळेपाशी येऊन बसली. मावशीनं शिवलेल्या कडेच्या बरोबर समोरच्या कडेला.

“काय करतेस?” मी विचारलं.

“तुझ्या बाई नापास करतील तुला. जरा सरळ करून देते.”

सरळ करता करता तिनंही एक कड पुरी केली. दुसऱ्या दिवशी ती वाकळ कॅरियरवर बांधून मी परत मावशीकडं.

मावशीनं नवी कड दिसताक्षणी तिच्यावरून अंगठा फिरवला. “टाका लांब पडलाय.”

“कुणाचा?” मी मुद्दाम विचारलं.

“कुणाचा का असंना. दमलेल्या माणसाचा टाका लांब पडतो.” मग सुई हातात घेत म्हणाली, “तुझी आई अजून रात्री उठून खाती का गं?”

“मावशी! नाव काढायचं नाही ना?”

“मी कुटं नाव काढलं? तुझी आई म्हटलं नुसतं.”

“खाते. फडक्यातली भाकरी आणि चटणी. बाबा तिला उंदीर म्हणतात.”

मावशी इतकी हसली, की तिला सुई बाजूला ठेवायला लागली. “बारीक हुती तवापासनं तसलीच हाय ती,” म्हणाली आणि निघताना शेंगदाण्याच्या चटणीची पुडी माझ्या हातात कोंबली. “तुला म्हणून दिली हाय. तुला.”

चटणी मी खाल्ली नाही हे सांगायला नकोच.

मग वाकळ अशीच फिरत राहिली. एक रात्र मावशीकडं, एक रात्र आमच्याकडं. मी शिवलेला भाग दोघी गुपचूप उसवायच्या, ते वेगळंच! उशाकडच्या बाजूला आजीच्या हिरव्या लुगड्याच्या काठाची पट्टी होती. तिच्या खाली एका अंगाला आईचे लांब टाके, दुसऱ्या अंगाला मावशीची मुंग्यांची रांग, आणि दोन्ही रांगा मधल्या जागेकडं सरकत चाललेल्या. तोंडानं एकमेकींचं नाव नाही. पण आई एकदा कड उजेडात धरून म्हणाली, “टाक्यावर टाका चढलाय. डोळ्याला दिसंना झालंय वाटतं. चष्मा करायला काय हुतंय?” आणि सकाळी दप्तरात लाल दोऱ्याचं मोठं रीळ घालून दिलं.

मावशीनं रीळ हातात फिरवून बघितलं. “लाल?”

“दुकानात पांढरा संपला होता.”

“इचलकरंजीत पांढरा दोरा संपला,” मावशी म्हणाली. “बरं.” आणि तोंड फिरवून सुईत लाल दोरा ओवला. पहिल्या झटक्यात ओवला गेला.

मला वाटायचं, वाकळ पुरी झाली की झालंच. दोघी समोरासमोर बसतील, एक म्हणेल तुझा टाका लांब, दुसरी म्हणेल तुझा वाकडा, आणि मी चहा ठेवीन. माझं ठरलेलं होतं सगळं, साखर किती घालायची ते पण.

आणि एक दिवस मावशीच्या दारात खोकी दिसली. उमेशदादाला सुरतेला कापडाच्या गिरणीत काम लागलं होतं. तुळशीचं लग्न झालं की मावशीनं खोली सोडायची आणि त्याच्याबरोबर जायचं.

घरी येऊन मी नियम मोडला. “मावशी सुरतेला चालली. कायमची.”

आई भाकरी थापत होती. ती थापतच राहिली, थापतच राहिली, भाकरी परातीएवढी झाली आणि मग ती तव्यावर मावेना. आईनं तिचा परत गोळा केला.

“मी वाढताना बोलायला नको हुतं,” ती पिठाकडं बघत म्हणाली. बस, एवढंच. पण माझ्या आयुष्यात आईला तसं म्हणताना मी पहिल्यांदा ऐकलं.

त्या आठवड्यात ती कामावरून आली की थेट वाकळेवर बसायची. आपल्या अंगाचं सगळं शिवून मधे आली आणि तिथं थांबली. वीतभर जागा उघडी ठेवली, भोवतीनं दोरा पक्का केला आणि सुई डब्यात ठेवून दिली.

“दाणे आणू?” मी विचारलं.

“आपण न्हाई. दोघींनी शिवली तर पोट दोघींनी भरायचं असतंय. समोरासमोर बसून.”

“मग मावशीला काय सांगू?”

“काय सांगायचं न्हाई. वाकळ बघून कळंल तिला. बोलवायचं असंल तर बोलवंल.”

मी निघाले तेव्हा आई ट्रंकेतली जांभळी साडी काढून झटकत होती. इस्त्रीवाल्याकडं स्वतः घेऊन गेली. कुठं जायचंय म्हणून बाबांनी विचारलं, तर म्हणाली, “कुटं न्हाई. कडक असलेली बरी.”

मावशीनं वाकळ पसरली, उघडं पोट बघितलं आणि त्यावर तळवा ठेवून बसली. मला वाटलं आता म्हणेल, जा, घेऊन ये तिला. पण ती म्हणाली, “असू दे माझ्याकडं.” दुसऱ्या दिवशी गेले, तर “थांब.” तिसऱ्या दिवशी, “थांब म्हणते न्हवं?” आई दारातच विचारायची, “काय म्हणाली?” मी म्हणायची, “थांब म्हणाली.” इस्त्रीची साडी खुर्चीच्या पाठीवर तशीच.

सुरतेची गाडी दुसऱ्या दिवसावर आली तेव्हा मावशीनं वाकळ माझ्या हातात दिली. घडी करून, सुतळीनं बांधून.

“मधलं?” मी विचारलं.

“शिवलं.”

“पण आई म्हणत होती…”

“नाव काढायचं न्हाई,” मावशी म्हणाली. मग माझ्या गालाला हात लावला. “जा. घरी गेल्यावरच सोड सुतळी.”

मी इतक्या जोरात सायकल मारली की चेन पडली. घरी आईनं सुतळी दातानं तोडली आणि वाकळ जमिनीवर पसरली. मधलं पोट बंद. लाल दोरा, मुंग्यांची रांग, डावीकडं कललेली. आई गुडघ्यांवर बसली आणि बोटांनी तिथं चाचपायला लागली. आधी अलगद, मग दाबून. मग तळव्यानं. मग परत बोटांनी.

“काय झालं?”

“उपाशी हाय,” आई म्हणाली.

मीही हात फिरवला. मऊ कापड, खाली मऊ कापड. दाणा नाहीच.

“विसरली असेल, आई.”

“आक्का इसरंल? सगळ्या गल्लीच्या वाकळा शिवती, आणि हे इसरंल?” तिनं वाकळेची घडी घातली, नीट, कोपऱ्याला कोपरा जुळवून. “मेलेल्या माणसाची वाकळ धाडली तिनं मला. मी मेले तिला.”

जांभळी साडी तिनं ट्रंकेत टाकली आणि ट्रंकेचं झाकण पायानं लावलं.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच ट्रॅव्हल्सच्या स्टॉपवर गेले. उमेशदादा टपावर खोकी चढवत होता. मावशी खिडकीशी बसली होती. मला बघून तिनं हात बाहेर काढला, पण नजर माझ्या खांद्यावरून मागं, रस्त्यावर.

“एकटीच आलीस?”

“आईला दिवसपाळी आहे.”

“वाकळ बघितली तिनं?”

“बघितली.”

“पांघरली?”

मी नकारार्थी मान हलवली. गाडीचं इंजिन सुरू झालं आणि खिडकीची काच थरथरायला लागली.

“पांघरू दे म्हणावं,” मावशी मोठ्यानं म्हणाली. “केतकी, ऐकलंस न्हवं? थंडी पडली की पांघरू दे तिला.”

मी हे घरी जाऊन जसंच्या तसं सांगितलं. आई म्हणाली, “असली वाकळ कोण पांघरतंय?” आणि ती पोत्यात भरून माळ्यावर टाकली. शाळेत मी उशीचा अभ्रा दिला. बाईंनी बरा म्हटलं.

पुढं उमेशदादाचं लग्न सुरतेतच झालं. पत्रिका आली. पत्रिकेवर ‘सहकुटुंब’ लिहिलं होतं, हातानं कुणी काही लिहिलं नव्हतं. आई गेली नाही. रात्री उठून खायचं मात्र तिनं कधीतरी बंद केलं. बाबा म्हणायचे, आमच्या घरातला उंदीर गेला.

या एप्रिलमध्ये उमेशदादाचा फोन आला. मावशी दुपारी पडल्या पडल्या गेली. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही.

आई रडली नाही. कामावर गेली, आली, परत गेली. ताटावर बसायची आणि भाकरी मोडून बाबांच्या ताटात ठेवायची. बाराव्याला सुरतेला जायचं ठरलं तेव्हा म्हणाली, “केतू, माळ्यावरची वाकळ काढ. आक्काच्या नावानं तितं द्यायची. उपाशीच हाय, दुसरी करायला लागणार न्हाई.”

मी पोतं खाली ओढलं. वाकळेला जुन्या धान्याचा वास होता. एक कोपरा उंदरांनी कुरतडला होता, बाकी कुठंच दात लावला नव्हता. पंखा बंद, लाईट गेलेली, मी ती अंगणात नेऊन दोरीवर झटकली, आणि फरशीवर काहीतरी टपटपलं.

शाळूचे दाणे.

मी खाली बसले आणि कुरतडलेला कोपरा मांडीवर घेतला. हिरव्या काठाखाली, आईच्या अंगाला, उशाकडचा. आईच्या पहिल्या टाक्यांचा कोपरा. टाके लांब होते, अगदी आईसारखे, एका मापाचे. कुणीही म्हटलं असतं, आईचेच. सातवीतल्या मीही म्हटलं असतं. पण आता मी वाकळवाली आहे. मी तो कोपरा उन्हात धरला. टाके डावीकडं कललेले होते.

कोपरा उसवून, आत दाण्यांची पुरचुंडी ठेवून, तो तिनं परत शिवला होता. आईच्या टाक्यानं. पांढऱ्या दोऱ्यानं, चष्मा नसताना.

“आई,” मी हाक मारली. “आई, बाहेर ये.”

आई हात पुसत आली. मी तिचं बोट धरून कोपऱ्यावर ठेवलं. पुरचुंडीत अजून दाणे होते. तिनं चाचपलं आणि तिचं बोट तिथंच राहिलं.

“हितं घातलं हुय,” ती म्हणाली. मला नाही म्हणाली. मग फरशीवरच बसली.

“लहानपणी आमी दोगी एका वाकळंत निजायचो,” ती म्हणाली. “आक्कानं शिवलेली पयली वाकळ. मधी दाणे घालायचे इसरली आणि सगळं शिवून बसली, मग आईच्या भ्यानं कोपरा उसवून त्यात घातले. माझ्या बाजूचा कोपरा. मला रात्री भूक लागायची, आणि घरात कायबी नसायचं. मी रडाय लागले की ती माझा हात धरून कोपऱ्याला लावायची. हितं बघ बेबे, दाणे हायत. वाकळंचं पोट भरलंय, तुझंबी भरंल. नीज.” आईनं कोपरा मुठीत धरला. “मी दाणे मोजत निजायची. इसरले हुते गं मी. पार इसरले हुते.”

“मावशी म्हणाली होती,” मी म्हटलं, “पांघरू दे.”

“म्हणाली हुती.”

अंगणात फरशी तापली होती. आई उठली, वाकळ घेऊन आत गेली, आणि भर एप्रिलच्या दुपारी, पंखा बंद असताना, खाटेवर आडवी होऊन ती डोक्यापासून पायापर्यंत पांघरली. हिरवा काठ उशाकडं, कुरतडलेला कोपरा गालाखाली. मी दारात उभी राहिले. वाकळ फक्त वरखाली होत होती.

“आई, उकडत नाही का?”

“न्हाई.”

बऱ्याच वेळानं वाकळेखालून तिचा आवाज आला, बारीक, मी कधी न ऐकलेला.

“केतू, कालची भाकरी हाय का गं?”

मी फडक्यातली भाकरी आणली, वर चटणी. आई उठून बसली. वाकळ तशीच खांद्यावर होती, घामानं केस कपाळाला चिकटले होते. तिनं भाकरी दोन्ही हातांत धरली आणि खायला लागली.